नुकसान, इजा, आरोप, निषेध: इंग्रजीत कुठं काय लिहायचं

निफाड-दिंडोरीकडं अवकाळी पाऊस नाहीतर गारपीट झाली की दोन दिवसांत ओळखीतल्या पोरापोरींचे इंग्रजी अर्ज मोबाईलवर यायला लागतात, ताई जरा बघून द्या म्हणून. विमा कंपनीला ईमेल, बँकेला पत्र, एक्स्पोर्टरला कळवायचं असतं की माल कमी येणार. आणि बहुतेक अर्जांत तेच असतं, "माय ग्रेप्स आर इंज्युअर्ड", "वी हॅव बिग हार्म", "हेवी डॅमेजेस टू क्रॉप". पोरांचं ग्रामर वाईट नसतं हो, पण आपल्याकडं नुकसान हा एकच शब्द सगळीकडं चालतो, द्राक्षाचं नुकसान, गाडीचं नुकसान, तब्येतीचं नुकसान, धंद्यात नुकसान, आणि इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी शब्द बदलतो. आरोपाचं आणि निषेधाचं पण तसंच. म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय, एमपीएससी करणाऱ्यांना, सातपूर-अंबडला कंपनीत मेल लिहिणाऱ्यांना, आणि पोलिसात तक्रार द्यायची वेळ आलेल्यांना पण उपयोगी पडेल.

शब्द निवडायच्या आधी एकच गोष्ट बघायची, नुकसान कुणाला झालं. वस्तूला, पिकाला, घराला, रस्त्याला झालं तर डॅमेज. माणसाच्या किंवा जनावराच्या शरीराला झालं तर इंज्युरी. पैसा गेला, उत्पन्न गेलं, माणूस गेला तर लॉस. आणि हार्म हा मोठा, मोघम शब्द आहे, तब्येतीला, पर्यावरणाला, मुलांच्या वाढीला, कुणाच्या नावाला धक्का बसला असं म्हणायचं असेल तिथं तो बसतो, पण फुटलेल्या काचेला किंवा आडव्या झालेल्या मांडवाला हार्म लिहीत नाहीत, तिथं डॅमेजच.

डॅमेज आणि लॉस यातला फरक द्राक्षवाल्यांनी तर पाठच करावा. मणी तडकले, घड अजून वेलीवर आहेत, ते डॅमेज. त्या तडकलेल्या मण्यांमुळं जो माल हातात येणार नाही आणि जे पैसे मिळणार नाहीत तो लॉस. अर्जात दोन्ही वेगवेगळं लिहायचं, आधी काय झालं, मग त्यानं किती गेलं. मी पोरांना साधारण असं लिहून देते: "अ हेलस्टॉर्म हिट अवर व्हिलेज लास्ट नाइट. द ग्रेप क्रॉप ऑन टू एकर्स वॉज सिव्हिअरली डॅमेज्ड. मोस्ट ऑफ द बेरीज हॅव क्रॅक्ड. वी एक्स्पेक्ट टू लूज अबाउट हाफ द यील्ड." चार वाक्यं, एकही अवघड शब्द नाही, आणि वाचणाऱ्याला सगळं कळतं. "व्हेरी व्हेरी हेवी" वगैरे लिहून काही वाढत नाही, सिव्हिअरली किंवा बॅडली एवढं पुरतं.

आता डॅमेजेस. डॅमेज म्हणजे नुकसान या अर्थानं त्याचं अनेकवचन होत नाही, दहा ठिकाणी झालं तरी डॅमेजच. शेवटी एस लावला की अर्थ बदलतो, डॅमेजेस म्हणजे कोर्टानं द्यायला लावलेली भरपाई. म्हणजे "द रेन कॉज्ड हेवी डॅमेजेस" लिहिलं तर वाचणारा समजून घेईल, पण कायद्याच्या कागदात त्याचा अर्थ भलतीकडंच जातो. गाडीच्या इन्शुरन्समध्ये ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी असं लिहिलेलं असतं ते आपण सगळे बघतो, तिथंही एस नाही बघा, ओन डॅमेज म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान.

किती नुकसान, याच्या पण पायऱ्या आहेत. नाशिकला रामकुंडावर पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं त्यावरून पूर मोजतो, गुडघ्याला, कमरेला, छातीला, तसंच या शब्दांचं धरा. नुसतं ओलं झालं, थोडं खराब झालं, डॅमेज्ड. बरंच झालं, बॅडली डॅमेज्ड. काहीच उरलं नाही तर डिस्ट्रॉइड, आणि डिस्ट्रॉइडच्या पुढं कम्प्लीटली लावायची गरज नसते कारण डिस्ट्रॉइडमध्येच सगळं आलं. डिव्हॅस्टेटेड हा शब्द अख्ख्या गावाला, भागाला वापरतात, किंवा माणूस दुःखानं कोलमडला असेल तर, "शी वॉज डिव्हॅस्टेटेड". आणि पुराच्याच बातम्या लिहायच्या तर पाण्याखाली गेलेलं सबमर्ज्ड, आणि वाहून गेलेलं वॉश्ड अवे, हे दोन वेगळे ठेवा. गोदाघाटावरची टपरी सबमर्ज्ड झाली आणि पाणी ओसरल्यावर जागेवरच उभी असली तर ती डॅमेज्ड आहे, डिस्ट्रॉइड नाही.

खाण्यापिण्याच्या वस्तूंना डॅमेज लिहिलेलं कानाला जरा खटकतं. दूध, भाजी खराब झाली तर स्पॉइल्ड किंवा गोज बॅड. कांदाचाळीत साठवलेला कांदा सडला तर रॉटेड, कोंब आले तर स्प्राउटेड. लासलगावला माल पाठवताना व्यापाऱ्याशी इंग्रजीत लिहायची वेळ आली तर "ओनियन्स आर डॅमेज्ड" पेक्षा "सम ओनियन्स हॅव रॉटेड इन स्टोरेज" हे जास्त नेमकं, भाव ठरवताना त्यानं फरक पडतो. रुइन्ड हा शब्द बोलण्यातला आहे, पावसानं लग्नाचा विचका झाला, "द रेन रुइन्ड द वेडिंग".

मुद्दाम केलेलं नुकसान वेगळं. बसच्या काचा फोडल्या, ऑफिसात तोडफोड केली, तर व्हँडलाइज्ड. जाळपोळ म्हणजे आर्सन. हे शब्द वापरले की कुणीतरी जाणूनबुजून केलं असा अर्थ आपोआप येतो, म्हणून शॉर्टसर्किटनं लागलेल्या आगीला आर्सन कधीच लिहायचं नाही.

आता माणसांकडं येऊ. अपघातात लागलं तर इंज्युअर्ड. सुरा, गोळी, बॉम्ब अशा हत्यारानं किंवा हल्ल्यात लागलं तर वूंडेड. द्वारका चौकात दुचाकीला ट्रकनं धडक दिली आणि दोघं जखमी झाले, तर "टू पीपल वेअर इंज्युअर्ड", तिथं वूंडेड लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं गोळीबार झाला का काय. नाम म्हणून मात्र वूंड म्हणजे साधी जखम पण होते, डॉक्टर ड्रेसिंग करतात ती. हर्ट हा रोजचा शब्द, पाय दुखावला, मन दुखावलं, दोन्हीकडं चालतो. पण कायद्यात हर्टला ठरलेला अर्थ आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यातही जुन्या आयपीसीसारखंच साधी दुखापत म्हणजे हर्ट आणि गंभीर दुखापत म्हणजे ग्रीव्हस हर्ट, आणि ग्रीव्हसमध्ये काय काय येतं त्याची यादी दिलेली आहे. हाड मोडलं, दात तुटला तरी ग्रीव्हस. आधी २० दिवस रोजची कामं करता आली नाहीत तर ग्रीव्हस धरायचे, आता ते १५ दिवस केलंय. म्हणून एफआयआरच्या इंग्रजी कॉपीत "व्हॉलंटरिली कॉझिंग ग्रीव्हस हर्ट" दिसलं तर नुसतं दुखावलं असं समजू नका, ते खूप वरचं कलम आहे.

कॅज्युअल्टी या शब्दाकडं जरा थांबून बघा कारण बातम्या वाचताना निम्मे लोक इथं गडबडतात. कॅज्युअल्टीज म्हणजे मेलेले नाहीत, मेलेले आणि जखमी दोन्ही मिळून. फक्त मृतांचा आकडा पाहिजे तर डेथ टोल किंवा फॅटॅलिटीज. आपल्या सिव्हिलला कॅज्युअल्टी वॉर्ड म्हणतात तिथं जिवंत पेशंटच नेतात ना, तेवढं आठवलं तरी पुन्हा चूक होणार नाही. ट्रान्सलेशनच्या पेपरला "टेन कॅज्युअल्टीज" चं "दहा ठार" केलं तर मार्क तर जातातच, पण बातमी म्हणून ते धडधडीत खोटं होतं.

मागं लागणारे छोटे शब्द, म्हणजे प्रिपोझिशन, पाठ करायला लोक कंटाळतात, पण या विषयात थोडं सोपं आहे. नुकसानीच्या बहुतेक नामांच्या मागं टू येतो: डॅमेज टू, इंज्युरी टू, हार्म टू, थ्रेट टू, डेंजर टू. दारूच्या बाटलीवर "इंज्युरियस टू हेल्थ" छापलेलं असतं ते डोळ्यासमोर ठेवा. फक्त लॉसच्या मागं ऑफ, लॉस ऑफ लाइफ, लॉस ऑफ इन्कम. आणि इन्फ्लिक्ट हे क्रियापद वापरलं तर ऑन.

चोरीच्या तक्रारीत एक गोष्ट फार वेळा उलटी होते. स्टील वस्तूला, रॉब माणसाला. चेन स्टोलन, बाई रॉब्ड. गंगापूर रोडला मॉर्निंग वॉकला गेलेल्या बाईची चेन ओढली, तर "माय चेन वॉज रॉब्ड" नाही, "माय चेन वॉज स्नॅच्ड" किंवा "आय वॉज रॉब्ड ऑफ माय चेन".

बाईमाणसांच्या तक्रारीतल्या इंग्रजीबद्दल मला मनापासून सांगायचंय. आपल्याकडं ईव्ह टीझिंग हा शब्द अजून वापरतात, आणि तो वाचला की काहीतरी मस्करी चाललीय असं वाटतं, जिच्यासोबत ते झालं तिला काय वाटलं ते त्यात कुठंच येत नाही. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये न्यायाधीश-वकिलांसाठी पुस्तिका काढली त्यात हा शब्द टाळून स्ट्रीट सेक्शुअल हॅरॅसमेंट म्हणा असं सांगितलंय, आणि कामाच्या ठिकाणचा कायदा २०१३ चा आहे त्यातही सेक्शुअल हॅरॅसमेंट हाच शब्द आहे. मुलींनो, तक्रार लिहिताना हाच शब्द लिहा आणि त्याच्याखाली नेमकं काय केलं, काय बोलला, कुठं, किती वाजता, ते साध्या वाक्यात लिहा. लाजून "मिसबिहेव्ड" एवढंच लिहू नका, मिसबिहेव तर वर्गात दंगा करणारं पोरगं पण करतं. उलट्या बाजूनं, बॉसनं दोन वेळा ओरडलं त्याला "मेंटल टॉर्चर" लिहितात तेही बरोबर नाही, टॉर्चर म्हणजे छळ, यातना, पोलीस कोठडीतल्या मारहाणीला लावतात तो शब्द. सतत त्रास देत असेल तर हॅरॅस, शिव्या देत असेल तर व्हर्बल अब्यूज, एकदाच रागावला असेल तर "ही वॉज रूड टू मी" एवढंच. झालं तेवढंच लिहिलं की तक्रार ऐकणारा विश्वास ठेवतो.

कंपनीतल्या मेलचं थोडं. पार्ट फुटून आले की पोरं सप्लायरला थेट "इट इज युअर फॉल्ट" लिहून मोकळी होतात, मग भांडण तिथंच सुरू होतं. "द पार्ट्स वेअर फाउंड डॅमेज्ड ऑन अरायव्हल" असं लिहा, म्हणजे माल आला तेव्हाच खराब होता हे नोंदवलं जातं आणि दोष कुणाचा ते चौकशीत ठरतं. वाटेत झालं याची खात्री असेल तर डॅमेज्ड इन ट्रान्झिट. बनवतानाच चूक राहिली असेल तर डॅमेज नाही, डिफेक्ट. फोटो जोडा.

आता दोषारोप. यात कुठला शब्द कुठल्या टप्प्यावर येतो ते कळलं की निम्मं काम झालं. नुसता संशय, सस्पेक्टेड. कुणीतरी आरोप केला, अक्यूज्ड ऑफ. पोलिसांनी किंवा कोर्टानं रीतसर आरोप ठेवला, चार्ज्ड विथ. कोर्टात गुन्हा सिद्ध झाला, कन्व्हिक्टेड ऑफ. शिक्षा सुनावली, सेन्टेन्स्ड टू. सुटला, अक्विटेड ऑफ. ऑफ, विथ, ऑफ, टू, ऑफ, हे मोठ्यानं म्हणून म्हणून जिभेवर बसवायचं, नियम शोधत बसू नका, नियम नाहीये. कन्व्हिक्ट व्हायच्या आधी कुणालाही थीफ, मर्डरर लिहायचं नाही, अलेज्ड लावायचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून चोर म्हणणाऱ्यांनी पण हे लक्षात घ्यावं, अब्रुनुकसानीचा दावा खरंच होऊ शकतो.

हे सगळे शब्द एका घटनेवर चालवून बघू. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, आणि १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी झाली. कान्हेरेंबद्दल इंग्रजीत: ही वॉज चार्ज्ड विथ मर्डर, कन्व्हिक्टेड, सेन्टेन्स्ड टू डेथ अँड हँग्ड. हँग्ड बघा, हंग नाही, फाशीसाठी हँग्डच, फोटो भिंतीवर लटकवला तर हंग. आणि कलेक्टर हा सरकारी पदावरचा माणूस, राजकीय कारणानं मारला, म्हणून असॅसिनेटेड हा शब्द येतो, साध्या भांडणातल्या खुनाला तो येत नाही. कान्हेरेंना आपण हुतात्मा म्हणतो, मार्टर, आणि त्या वेळच्या सरकारी कागदांत ते खुनी होते. लेखात आपली बाजू मांडायची असेल तर मार्टर खुशाल लिहा, पण उत्तरपत्रिकेत घटना सांगताना चार्ज्ड, कन्व्हिक्टेड, हँग्ड हे शब्द ठेवा, ते कुणीच खोडू शकत नाही.

ब्लेम जरा वेगळं चालतं. खड्ड्यांसाठी ठेकेदाराला दोष दिला, "दे ब्लेम्ड द काँट्रॅक्टर फॉर द पॉटहोल्स", आणि उलटून "दे ब्लेम्ड द पॉटहोल्स ऑन द काँट्रॅक्टर" पण होतं, माणूस आधी आला तर फॉर, वस्तू आधी आली तर ऑन. नुकसान भरून द्यायची जबाबदारी कायद्यानं कुणावर आहे असं म्हणायचं तर लायेबल फॉर.

निषेधाला आपण मोर्चात पण निषेध म्हणतो आणि पत्रकात पण निषेध म्हणतो. इंग्रजीत रस्त्यावर उतरून, घोषणा देऊन केला तो प्रोटेस्ट, मागं अगेन्स्ट. शब्दांनी, हे वाईट आहे असं जाहीर सांगितलं ते कंडेम, आणि कंडेमच्या मागं काहीच लागत नाही, "वी कंडेम द अटॅक". कंडेम अगेन्स्ट, कंडेम अबाउट असं काही नसतं. एखाद्या माणसाला एखाद्या कृत्याबद्दल म्हणायचं तरच फॉर.

कंडेम मोठा शब्द आहे, तो राखून वापरा. चुका दाखवायच्या तर क्रिटिसाइझ. पटलं नाही तर डिसअप्रूव्ह ऑफ. फार वाईट वाटलं आणि चुकीचंही वाटलं तर डिप्लोअर. नैतिकदृष्ट्या अक्षम्य, तेव्हा कंडेम. एखाद्या माणसाला किंवा विचाराला उघडपणे धिक्कारलं तर डिनाउन्स. संसदेनं, संस्थेनं अधिकृत ठपका ठेवला तर सेन्शर. एमपीएससीवाल्यांनी सेन्शर मोशन आणि नो कॉन्फिडन्स मोशन वेगळे ठेवावेत, सेन्शरला कारणं द्यावी लागतात आणि तो एका मंत्र्यावर पण आणता येतो, अविश्वास प्रस्ताव अख्ख्या मंत्रिमंडळावर असतो, कारण द्यावं लागत नाही, आणि लोकसभेत तो दाखल करून घ्यायला ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो.

तीव्र निषेध म्हणजे स्ट्राँगली कंडेम. अत्यंत कठोर शब्दांत म्हणायचं तर इन द स्ट्राँगेस्ट टर्म्स, इथं वर्ड्स नाही टर्म्स. १४ फेब्रुवारी २०१९ च्या पुलवामा हल्ल्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं काढलेल्या निवेदनात हेच शब्द होते. रस्त्यातल्या खड्ड्याला इन द स्ट्राँगेस्ट टर्म्स लावलं तर मग खरोखरच्या अत्याचाराला काय लिहिणार?

सरावाला एक विषय देते, काळाराम मंदिर सत्याग्रह, २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. नाशिकच्या माणसाला यावर इंग्रजीत चार वाक्यं आलीच पाहिजेत. दलितांना मंदिरात प्रवेश नाकारला, "दलित्स वेअर डिनाइड एंट्री टू द टेम्पल", डिनाइडच्या मागं थेट एंट्री. भेदभाव केला, "डिस्क्रिमिनेटेड अगेन्स्ट", हा अगेन्स्ट सोडायचा नाही. अस्पृश्यता पाळली जायची, "अनटचेबिलिटी वॉज प्रॅक्टिस्ड", आणि राज्यघटनेच्या कलम १७ नं ती अबॉलिश केली. इथं कंडेम, इनजस्टिस, ऑप्रेशन हे जड शब्द पुरेपूर शोभतात, इथं ते हलके करायचे नाहीत.

कंडेमचे अजून दोन अर्थ सरकारी कागदात भेटतात. एक, कंडेम्ड टू डेथ, मृत्युदंड. दुसरा, वापरायला नालायक ठरवलेलं. सरकारी ऑफिसात जुनी जीप, मोडक्या खुर्च्या निर्लेखित करतात त्याला इंग्रजीत कंडेम्नेशन म्हणतात, त्यात कुणाचा निषेध नसतो. जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना पावसाळ्याआधी नोटिसा जातात, तो वाडा राहायला अयोग्य ठरला तर कंडेम्ड बिल्डिंग.

पेपरच्या हेडलाइनमध्ये स्लॅम्स, रॅप्स, फ्लेज, पुल्स अप हे शब्द येतात, कोर्टानं महापालिकेला झापलं वगैरे. वाचायला शिका, पण अर्जात, निबंधात लिहू नका.

सरावाची पद्धत साधी आहे, रोज इंग्रजी पेपरातली नाशिकची एक बातमी घ्या, त्यातलं नुकसानीचं किंवा आरोपाचं क्रियापद आणि त्याच्या मागचा छोटा शब्द दोन्ही मिळून वहीत उतरवा, सुटा शब्द उतरवायचा नाही, आणि तोच शब्द वापरून आपल्या गल्लीतल्या, शेतातल्या घटनेवर एक वाक्य करा.

राहिले उच्चार. डॅमेज लिहितो पण म्हणताना डॅमिज. वूंड म्हणजे जखम, वाउंड नाही, वाउंड हे गुंडाळणे या क्रियापदाचा भूतकाळ आहे. ग्रीव्हस म्हणायचं, ग्रीव्हियस नाही, स्पेलिंगमध्ये पण जास्तीचा आय घालू नका. अतिशय घृणास्पद गुन्ह्याला लावतात तो शब्द हीनस नाही, हेनस. कंडेममधला शेवटचा एन म्हणत नाहीत पण कंडेम्नेशनमध्ये तो ऐकू येतो. इंडाइट म्हणजे आरोप ठेवणे, त्यातला सी गप्प. आणि लायबल म्हणजे लेखी बदनामी, लायेबल म्हणजे जबाबदार, ऐकायला जवळजवळ सारखे, स्पेलिंग वेगळं, ते दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवा.